चौथ्यावर थाप

मुलगी : परीक्षेच्या फोनला दहा मिनिटं राहिली, बाबा. टेबल बडवू नका, डोकं उठलंय.

वडील : बडवत नाही, ठेका धरतोय. म्हण ते औषधाचं नाव. एक तुकडा, एक थाप.

मुलगी : अ. सी. टा. मि. नो. फेन.

वडील : सहा झाले. आता एका दमात, पहिल्यावर जोर.

मुलगी : असंच म्हणून दोनदा नापास झाले ना. 'उच्चार समजत नाहीत' असा शेरा मारला परीक्षकांनी. आज तिसरी खेप, म्हणजे शेवटची. गेली तर परदेशातली नर्सची नोकरी कायमची गेली.

वडील : तो फोनमधला शब्द म्हणून दाखवणारा माणूस लाव बघू.

मुलगी : आत्ता? महिनाभर ऐका म्हणत होते तेव्हा, 'मला ताल शिकवतेस का' म्हणालात.

वडील : लाव गं... परत... अजून एकदा.

मुलगी : सात मिनिटं.

वडील : हा पहिल्यावर थाप देतच नाही. दुसऱ्यावर नुसता टेकतो आणि बसतो चौथ्यावर. त्या 'मि'वर.

मुलगी : म्हणजे सगळं चुकीचं घोटून घेतलंत माझ्याकडून.

वडील : चाळीस वर्षं कीर्तनात मृदंग वाजवला. तिथे पहिली थाप देवाची. हाताला तेच वळण.

मुलगी : की मुद्दाम, मी जाऊच नये म्हणून?

वडील : जाऊ नयेस असं वाटतं. रोज वाटतं. पण हाताला खोटं वाजवता येत नाही गं, त्याला तेवढंच येत होतं. चल, पहिले तीन हलके सोड.

मुलगी : असीटा... नाही जमत.

वडील : जमतंय. घाई करू नकोस, चौथा कुठे पळून जात नाही.

मुलगी : असीटामिनोफेन.

वडील : बसली. अजून चार वेळा.

मुलगी : फोन वाजतोय. बाहेर जा तुम्ही. थाप ऐकू आली तर बाद करतील मला.

(दार लागतं.)

परीक्षक : पहिला शब्द वाचा.

मुलगी : असीटामिनोफेन.

परीक्षक : पुन्हा.

मुलगी : असीटा... माफ करा. असीटामिनोफेन.

परीक्षक : ठीक. अजून एकोणीस आहेत, सावकाश वाचा.

(फोन संपतो. दार उघडतं.)

मुलगी : बाबा, या आत. झाले पास. एक तारखेला हजर व्हायचंय.

वडील : कळलं मला.

मुलगी : दार बंद होतं की. आणि मांडी का चोळताय?

वडील : कुठेतरी थाप द्यायला नको का?