वरच्या मजल्यावरचा राउटर

(शुक्रवारची दुपार, अलेक्झांड्रिया. निवृत्त ट्रामचालक लुत्फी मुलगा हाझिम याच्या खोलीत जुन्या कॉम्प्युटरसमोर बसले आहेत. फोनवर स्वीडनहून मुलगी नशवा.)

नशवा: पोर्टचा आकडा परत एकदा वाचा, बाबा.

लुत्फी: पंचवीस हजार पाचशे पासष्ट. चौथ्यांदा वाचतोय. माझी जन्मतारीख विसरेन, हा नाही विसरणार.

नशवा: आणि पुढे पत्ता आपल्या कॉम्प्युटरचाच ना?

लुत्फी: त्याचाच, शेवटी वीस. अगं, तीस वर्षं ट्राम चालवली मी, एक सिग्नल चुकवला नाही. तू सांगितलंस तसंच्या तसं भरलंय.

नशवा: मग दार उघडायला हवं. या नंबरनं कुणी आलं की थेट कॉम्प्युटरकडे पाठव, असं आपण राउटरला सांगितलंय. तो ऐकत का नाही?

लुत्फी: तुझ्या भावावर गेलाय.

नशवा: चेष्टा नको. सहाला हाझिमचं जहाज बंदर सोडणार, मग तीन आठवडे त्याला नेट नाही. किनाऱ्याला लागला की तो आधी आमच्या गावात येतो, मग जेवतो.

लुत्फी: खेळातलं गाव ते. आधी जेव म्हणावं.

नशवा: खेळातलं असू दे, या कॉम्प्युटरवरच चालतं ना ते. आम्ही दोघं एका जागी तिथेच काय ते असतो, बाबा. खऱ्या घरात एकत्र बसून सात वर्षं झाली.

लुत्फी: मला का माहीत नाही? म्हणून तर या कॉम्प्युटरवर धूळ बसू देत नाही.

नशवा: गेल्या खेपेला चालत होतं. मधे काय बदललं?

लुत्फी: काही नाही.

नशवा: कुणी हात लावला?

लुत्फी: कोण लावणार? मी एकटा माणूस.

नशवा: बरं, राउटरच्या पहिल्या पानावर जा. तिथे बाहेरचा पत्ता असेल, तो वाचा.

लुत्फी: थांब, चष्मा… हं. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, आठ, एकशे चार.

नशवा: परत वाचा.

लुत्फी: आता हाही पाठ करायचा का?

नशवा: बाबा, असला पत्ता घरातल्या घरात देतात. बाहेरच्या जगात तो चालतच नाही. म्हणजे आपल्या राउटरच्या पुढे अजून एक राउटर आहे. आपण आतलं दार उघडून बसलोय आणि बाहेरचं बंद. आपली वायर जाते कुठे?

लुत्फी: भिंतीत.

नशवा: बाबा.

लुत्फी: भिंतीतून खिडकीत.

नशवा: आणि खिडकीतून?

लुत्फी: डक्टमधून वर. तिसऱ्या मजल्यावर, मदाम इन्साफकडे. आपली लाइन ओल लागून मेली. टेलिफोनवाले उद्या येतो म्हणतात, त्यांचा उद्या काही उजाडत नाही. मदाम म्हणाल्या, माझ्याकडून वायर घ्या. अर्धी बिल्डिंग अशीच चालते.

नशवा: शिलाई करतात त्या इन्साफ मावशी, आमच्या तांत? एवढंच होतं तर सांगायचं ना. अर्धा तास डोकं फोडतेय मी.

लुत्फी: म्हटलं, उगाच काळजी करशील.

नशवा: वायरची? असो. वर जा. त्यांच्या राउटरमध्ये हाच आकडा भरायचा, आणि पुढे आत्ता वाचलात तो एकशे चारचा पत्ता. तो आपल्या राउटरकडे पाठवेल, आपला कॉम्प्युटरकडे. पण आधी त्यांना पासवर्ड विचारा.

लुत्फी: विचारायला नको. मीच लावून दिलाय.

नशवा: छान. चपला घाला, जिना गार असेल.

लुत्फी: चपला वर आहेत.

नशवा: घरातल्या चपला?

लुत्फी: हो.

नशवा: कधीपासून?

लुत्फी: नशवा, सहाला जहाज…

नशवा: पाच मिनिटं थांबेल तो. कधीपासून?

लुत्फी: वायर टाकली तेव्हापासून. त्याआधी वर्षभर मदाम वरून दोरीनं टोपली सोडायच्या, त्यात मुलुखियाची भाजी. वायर टाकल्यावर ती नीट चालते का बघायला मी वर जायचो. मग नीट चालत असली तरी जायला लागलो. त्याही एकट्याच. रेडिओशी माणूस किती बोलणार गं?

नशवा: पुढे?

लुत्फी: तुझ्या आईला मी विसरलेलो नाही.

नशवा: मी तसं म्हटलं का?

लुत्फी: तू नाही. माझंच मन म्हणतं. इन्साफला मी लग्नाचं विचारलंय. ती म्हणाली, आधी मुलांना विचारा, मग माझं उत्तर. दहा दिवस झाले. रोज ठरवतो, आज सांगायचं. तू फोनवर हसतेस आणि मी तिकडच्या थंडीचं विचारत बसतो.

नशवा: म्हणजे पोर्ट उघडलं असतं तर मला कळलंच नसतं.

लुत्फी: रागावलीस?

नशवा: रागावलेय. एवढं मनात घेऊन बसलात आणि मला म्हणता, मी एकटा माणूस. जा वर. फोन ठेवू नका.

(तिसरा मजला. इन्साफ दार उघडतात.)

इन्साफ: अनवाणी आलात? आणि फोनवर कोण?

लुत्फी: नशवा. तिला सगळं कळलं.

इन्साफ: सांगितलंत की पकडले गेलात?

नशवा: पकडले गेले, तांत.

इन्साफ: वाटलंच. या माणसाला ट्राम थांबवायची तेवढी सवय, सोडायची नाही. बाळ, तुझं काम आधी होऊ दे, मला काय बोलायचं ते नंतर बोल. हा घ्या राउटर, वरचं कापड काढते.

नशवा: बाबा, आकडा पंचवीस हजार…

लुत्फी: पाठ आहे. आणि एकशे चार. सेव्ह केलं.

नशवा: थांबा, बघते. उघडलं, बाबा. हाझिम आलाय. उशीर का केला म्हणून माझ्यावर खेकसतोय.

लुत्फी: खेकसू दे. पोचला ना.

नशवा: आता त्यालाही सांगते.

लुत्फी: आत्ता? अगं, तासाभरात जहाजावर चढायचंय त्याला, जरा बेतानं…

नशवा: सांगितलं.

लुत्फी: मग?

नशवा: गावात गोल गोल चकरा मारतोय.

इन्साफ: बाळ, त्याला सांग, तुमचं नाही असलं तरी वायर मी काढणार नाही. तुमचं गाव चालू राहील. ते वेगळं, हे वेगळं.

नशवा: फोन स्पीकरवर आहे, ऐकलं त्यानं. बाबा, तो विचारतोय, कॉम्प्युटर खाली का ठेवलाय?

लुत्फी: त्याची खोली आहे ती. दुसरीकडे कुठे ठेवू?

नशवा: वर न्या म्हणतोय. मधे एकच राउटर राहील, आणि तुम्हीही तिथेच असाल, जिन्याच्या फेऱ्या वाचतील.

लुत्फी: ते ठीक. पण लग्नाचं काय म्हणाला?

नशवा: हेच म्हणाला, बाबा. मीही हेच म्हणतेय.

इन्साफ: शिलाई मशीन जरा सरकवते. खिडकीपाशी जागा होईल.