शिंप्याच्या हातातली घरघर

सन्माननीय अध्यक्ष डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या सिस्टर, आणि डायलिसिस विभागातल्या माझ्या सगळ्या बंधू-भगिनींनो,

भाषण खरं तर आमच्या ह्यांचं होतं. पण आज त्यांची पाळी, ते पलीकडच्या खोलीत मशीनवर आहेत. म्हणून माइक माझ्या हातात आलाय. तो लवकर सुटेल अशी आशा ठेवू नका.

आमचे हे शिंपी. किडन्या थकल्यात, मशीनची तयारी करा असं डॉक्टरांनी म्हटल्यावर ह्यांचं एकच, "मला मशीनला बांधायचं नाही. गेलो तर गेलो." अशा माणसाला काय सांगणार? मी रडले, मुलीने अबोला धरला. हे ढिम्म!

सिस्टरांनी उपदेश केला? छे! मशीनवरच्या एका ड्रायव्हरकाकांशेजारी ह्यांना नेऊन बसवलं. काका फोनवर बायकोशी कडाकडा भांडत होते, गळक्या नळावरून. बाहेर येऊन हे म्हणतात, "अगं, तो तर चांगला जिवंत आहे!"

मग डाव्या हातात शिरा जोडायचं छोटं ऑपरेशन झालं, पुढे सुया तिथेच टोचायच्या म्हणून. घरी आल्यावर हे घाबरेघुबरे. मी फोन लावला, "सिस्टर, ह्यांच्या हातात शिलाई मशीन अडकलंय हो!"

"वहिनी, ते रक्त धावतंय. घरघर हवीच. रोज बोटं ठेवून बघा. थांबली तर तडक इकडे."

आणि एका सकाळी थांबली की! हे म्हणाले, "गिऱ्हाइकाचा कोट द्यायचाय, दुपारी बघू."

"कोट राहू दे, चपला घाला!"

वेळेत पोचलो. रक्ताची गुठळी काढली, घरघर परत आली. पण हे पुन्हा बिथरले, "बघ, हातालाही नकोय ते." सिस्टर नुसत्या म्हणाल्या, "एकदा मशीनवर बसा. नाही पटलं तर मलाच शिव्या द्या."

हे बसले. मी बाहेर बाकावर, जीव मुठीत धरून. कित्येक महिने ह्यांना अन्नाचा वासही सोसत नव्हता, बरं का. दार उघडलं, हे सिस्टरांचा हात धरून आले. मला वाटलं, आता शिव्या.

म्हणाले, "अगं, डबा आणलायस का? भूक लागलीय."

मी डबा आणलाच नव्हता. सिस्टरांनी स्वतःचा उघडला.

सिस्टर, आभार मानायला शब्द तोकडे आहेत, तरी मानते. आणि मंडळी, काही कमीजास्त बोलले असेन, तर जरा सैल मापाने घ्या.