रेश्माच्या गोळ्या

काय सांगू तुम्हाला, मी मूळचा देवगाव रंगारीचा, शिकलो दुसरीपस्तोर, पुढं बापानं हातात वस्तरा दिला तो आजबी हातातच हाय. गारखेड्यात माझं दुकान. साहेब येऊ दे नायतर हमाल, ब्लेड नवं म्हंजी नवंच, हा माझा कायदा.

तर ही रेश्मा. पोरगा म्हणून जन्मली, पण बाईच ती, साडी नेसती, सिग्नलवर मागती, पण हनुवटीचे केस काय ऐकत नायत, म्हणून माझ्याकडं यायची. ती आली की गिऱ्हाइकं उठायची. एक जण तर तोंडाला फेस तसाच घेऊन उठला, म्हणला हिला बसवतो तर मी चाललो. म्हणलं जा, बायको वळखती का बघ. रेश्मा हसून हसून खुर्चीतनं पडायला आली.

मग एकदा हळूच म्हणली, बाबा, ब्लेड नीट फेकून द्या, मला ती बिमारी हाय, एचआयव्ही. मला लई राग आला, बिमारीचा नाय, माझ्या ब्लेडवर शंका घेतली त्याचा. म्हणलं गोळ्या घेती का? तर म्हणली खोलीवर ठेवता येत नायत, घरमालकाला कळलं तर सामान रस्त्यावर. म्हणलं इथं ठेव. तवापासून दिवेलागणीला यायची, माझ्यासमोर गोळी गिळायची, चहा प्यायची न् जायची. मी म्हणायचो पोरी, रातच्याला निरोध सोडू नको. तर म्हणायची, बाबा, पर्समधी निरोध दिसला की पोलीस धंदेवाली म्हणून धरत्यात, ठेवू कुठं?

एवढं लपवूनबी कुणीतरी घरमालकाचे कान भरलेच, त्यानं काढलं तिला. त्या दिवसापासून ती आली नाय. फोन बंद. गोळी एक दिवसबी चुकवू नको म्हणून डाक्टरनं बजावलेलं, आन् डबा तर माझ्या दुकानात! वस्तरा हातात, ध्यान दाराकडं, काल एकाचा गाल कापला मी, मी!

आज तिची मैतरीण सांगून गेली, रेश्मा अजिंठ्याच्या बाजारात मागती. तसंच शटर वढलं. माझा पोरगा आडवा आला, आबा, ह्या वयात हिजड्यामागं फिरता, लोक काय म्हणतील? म्हणलं लोकाची हजामत मी करतो, लोकानं माझी करू नये.

म्हणून स्टँडावर बसलोय, डबा पिशवीत घिऊन. ती यष्टी लागली ती अजिंठ्याचीच का बघा बरं, मला पाटी नीट दिसत नाय. सापडली तर आधी गोळी, मग शिव्या. देवा, मी पोचेस्तोवर तिला तिथंच ठेव.