भिंतीवरच्या पट्टकृमीचं आतडं

सन्माननीय व्यासपीठ, समारंभाच्या अध्यक्षा प्राचार्या मधुवंती मॅडम, संस्थेचे सचिव मारोतरावजी, माझे सहकारी आणि पंख्याखालची जागा धरून बसलेल्या विद्यार्थी मित्रांनो,

मघाशी तिघांनी सांगितलं, यज्ञेश्वर सर फार शांत स्वभावाचे. निरोपाच्या दिवशी असं बोलायची पद्धतच आहे, म्हणून मी ऐकून घेतलं. खरं सांगू? मी एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं आणि त्यातली एकोणीस एका चित्रावर चिडण्यात घालवली. आपल्या प्रयोगशाळेच्या भिंतीवरचा पट्टकृमी.

तपासणी समिती येणार म्हणून तो घाईघाईने बाबाराव पेंटरकडून काढून घेतला. बाबाराव इथे पांढरकवड्यात हायवेवर ट्रक रंगवतात, हात सुरेख. मी नमुना दिला होता. डोक्यावर चूषक आणि आकडे, मागे खंडांची लांबलचक माळ, प्रत्येक खंडात वृषणं आणि अंडाशय. तोंड नाही, पोट नाही, आतडं नाही. दुसऱ्याच्या आतड्यात राहायचं आणि त्याचं पचलेलं अन्न कातडीने शोषायचं, एवढाच याचा संसार. बाबारावांनी काय करावं? डोक्यापासून शेवटच्या खंडापर्यंत गुलाबी आतडं काढलं. जाब विचारला तर म्हणाले, “पोटच नाही त जीव जगन कसा, सर? मले नाही करवलं.”

आता या माणसाशी भांडायचं तरी कसं? समिती खूश झाली, चित्र राहिलं. मी दरवर्षी अर्ज दिला, दरवर्षी उत्तर आलं की रंग अजून चांगला आहे. वर्गात घसा फोडून सांगायचो, आतडं नाही. परीक्षेला आम्ही भिंत झाकायचो, पण ती पोरांच्या डोक्यात बसलेली. पोरं आतडं काढायचीच.

त्यात एक वैष्णवी होती. हो, हीच, सोमवारपासून माझ्या जागी रुजू होणारी. वर्गात पहिली. तिनेही आतडं काढलं, दोन गुण गेले, आणि एम.एस्सी.चा प्रवेश एका गुणाने हुकला. वर्षभर घरी बसली. मला ती कधी काही बोलली नाही, पण मला ते अजून झोंबतं. चुन्याची बादली घेऊन मीच भिंत पुसायला हवी होती. अर्ज कसले देत बसलो?

सहकाऱ्यांनी आता भिंत पुसून घेतली आणि भेट म्हणून बाबारावांकडूनच नवं चित्र करवलं. मघाशी कागद सोडला आणि आधी आतडं शोधलं. नाही. मग वर पाहिलं, तर डोक्याला तोंड, आणि ते हसतंय. बाबाराव दारातूनच म्हणाले, “निरोपाचं चित्र आहे सर, बिनतोंडाचं कसं देऊ?”

मी कपाळावर हात मारला. तेव्हा वैष्णवी हळूच जवळ येऊन म्हणाली, “सर, हे मले द्या. भिंतीवर लावीन अन् पहिल्याच तासाले पोरायले विचारीन, यात काय चुकलं ते सांगा.”

एकोणीस वर्षांत मला हे का सुचलं नाही? चित्र तिच्या हवाली करतो, आणि भिंतही. सर्वांचे मनापासून आभार. बाबाराव, तुमचेही, नाइलाजाने. रागाच्या भरात इतक्या वर्षांत कोणाला लागेल असं बोललो असेन, तर पोटात घाला. बसतो.