हरलेल्या गोलकीपरचा घास

अरे, जिंकल्यावर पण माणूस कसा अडकतोय ते ऐका. त्या साली फुटबॉलची फायनल आमच्या तालमीच्या टीमनं मारली, आणि गोल माझा. हरलेल्या पेठेतनं मिरवणूक न्यायची ही आपली जुनी खोडच हाय. गेलो. त्यांचा गोलकीपर सलीम, त्याच्याच दारात हलगी लावून नाचाय लागलो. तेवढ्यात त्याची आई बाहेर आली. हलगी गप्प.

"गोल कुणी मारला रं?"

आमच्याच पोरांनी मला पुढं ढकललं.

"आत ये. मॅच सुटल्यापास्नं पोरगं जेवलं न्हाय, बोललं न्हाय. माझं ऐकत न्हाय, बापाचं ऐकत न्हाय. गोल तू मारलास न्हवं? मग आता जेवायला बी तूच घाल."

अंगभर गुलाल घेऊन आत गेलो. सलीम भिंतीकडं तोंड करून बसलेला. भाकरी मोडली, रश्श्यात बुडवली, घास पुढं केला. लई वेळानं त्यानं तोंड उघडलं. माझेच डोळे भरले की!

घास गिळून सलीम म्हणाला, "ऑफसाईड हुतास."

म्हंजे माझा गोलच खोटा! मी भांडायला तोंड उघडणार, तर आई मागनं ओरडली, "बोललं बघ माझं पोरगं! व्हय म्हण आणि दुसरा घास दे."