वेलीला हात लावू नका

...नाही नाही, भाऊ, आधी तो ब्रश खाली ठेवा. चारही भिंती रंगवायच्या, छत रंगवायचं, दारं घासून काढायची — सगळं कबूल. लेकीनं तुम्हाला फोनवर तसंच सांगितलंय, ठाऊक आहे मला. पण वेलीला हात लावायचा नाही. काय म्हणता? वेल काढल्याशिवाय भिंत कशी रंगवणार? अहो, तेच तर सकाळपासून माझं डोकं खातंय! बसा. त्या स्टुलावर बसा जरा. टेलिफोन ऑफिसात उभा जन्म काढला मी — दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची नि आपण गप्प राहायचं. आता कोणी समोर सापडलं की सोडवत नाही.

तर ही वेल. कपाटावरच्या कुंडीतून निघालीय, बघा, दारावरून, घड्याळाला वळसा घालून, पार माझ्या पलंगापर्यंत. बारीक खिळे दिसतात? ते मी नाही मारले. खालच्या मजल्यावरच्या चष्मेवाल्यांनी मारले. चौकात चष्म्यांचं दुकान होतं त्यांचं, आता बंद केलंय. एकटेच असतात. त्याचं झालं असं — मी न्हाणीघरात घसरले नि घोटा मोडला. दवाखान्यात नेताना माणसाला काय काय आठवतं, मला आठवली वेल! स्ट्रेचरवरून ओरडले, "अहो चष्मेवाले, वेलीला पाणी घाला हो!" आणि किल्ली त्यांच्या हातात कोंबली. तोवर आमचं बोलणं ते किती? जिन्यात भेटले तर "बरं आहे ना?" — "बरं आहे." संपलं.

परत आले ती गुडघ्यापर्यंत प्लास्टर घेऊन. पलंगावरून दिसणार काय, तर ही उघडीबोडकी भिंत. चष्मेवाले म्हणाले, "वेल इकडे वळवू या का? उजेड आहे, येईल." येईल म्हणजे? धावत आली! ते यायचे, फांदी दोऱ्यानं सैलशी बांधायचे, पानं ओल्या फडक्यानं पुसायचे — आणि कशी? चष्म्याची काच पुसावी तशी, हं, आधी फुंकर मारून! वर मला शिकवायचे, मातीत बोट घालून बघा, कोरडी लागली तरच पाणी घाला. मी कुठली ऐकतेय, धो धो ओतायचे. की पान पिवळं. "पुन्हा बुडवलीत?" म्हणून रागवायचे. आणि मला — आमचे हे गेल्यापासून मला कुणी रागावलंच नव्हतं हो. सगळे आपले जपून बोलतात. बरं वाटायचं.

मग हाड जुळलं, मी हिंडूफिरू लागले. आता त्यांनी वर यायला कारण काय? पण पान पिवळं पडायचंच. पडायचंच म्हणजे — हसायचं नाही हं — एखादा मग पाणी जास्त जायचं माझ्या हातून. मुद्दाम? मुद्दाम कसलं, वय झालं, अंदाज... बरं बाई, मुद्दाम! झालं समाधान? हे जिन्यात कुठे बोलू नका.

लेक म्हणते, आई, तू एकटी, पुन्हा पडलीस तर? आमच्याकडेच राहायला ये, हे घर भाड्यानं देऊ. तिचंही काही चुकत नाही. जावई गुणी आहे, माझ्यासाठी खोलीसुद्धा रिकामी केलीय. मी हो म्हणून बसले, म्हणून तर तुम्ही आलात. काल चष्मेवाल्यांना सांगितलं. वाटलं, काहीतरी म्हणतील. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. मग म्हणाले, "एक फांदी मला द्याल?" एवढंच! मी कात्री घेतली. गाठीच्या जरा खाली कापायचं असतं, गाठीतूनच मुळं फुटतात — त्यांनीच शिकवलेलं. पण कात्री चालेना. धार होती हो, हातच चालेना. म्हटलं, उद्या देते. ते मान हलवून खाली गेले, नि मी इथे पलंगावर बसून — जाऊ दे. तुम्हाला हे सगळं कशाला सांगतेय मी? रंगाचं बोलत होतो ना आपण?

थांबा. फोन लावते. हॅलो — अगं, मी. हो, रंगवणारे आलेत. नाही, रंग नको. घर द्यायचं नाहीये. रागावू नकोस, सुट्टीत येईन की चांगली राहायला. पडले तर? पडले तर खाली माणूस आहे. कोण म्हणजे? ...हसतेस काय अशी? ...काय? तुला कधीपासून माहीत? — ठेवला! जावयालाही माहीत आहे म्हणे! कार्टी हसतेय नुसती, आणि मी इथे आठवडाभर झोपले नाही!

जरा सरका, खिडकी उघडू दे. अहो चष्मेवाले! अहो, वर या जरा! ...नाही, नाही, पिवळं नाही पडलं. एकही पान नाही पडलं. तरीपण या!

...भाऊ, तुम्ही अजून इथेच? उठा, उठा, डबे उचला तुमचे. आणि जाताना दार लावू नका हं — येतायत ते.