परवानगीविना खेळलेला सामना

ज्यूरीच्या कामासाठी अमेरिकेतल्या ओहायोच्या कोर्टाच्या व्हरांड्यात ताटकळत बसलेल्या लोरेटाचे कान शेजारच्या बाकाकडे लागले होते. तिथे दार भरून जाईल एवढा एक अमेरिकन फुटबॉल खेळणारा तरुण आपल्या मावशीपुढे मान खाली घालून बसला होता.

"दारू पिऊन गाडी ठोकलीस, तरी तुरुंगाऐवजी प्रोबेशनवर, नुसत्या देखरेखीवर सुटलास. राज्याबाहेर विचारून जायचं, एवढंच होतं ना, ड्वेन?"

"सामना बाहेर होता, मावशी."

"आणि टीव्हीवर कॅमेऱ्याला हात हलवलास! तुझ्यावर लक्ष ठेवणाऱ्या प्रोबेशनवाल्या बाई बघत होत्या."

"जजना सांगतो, विसरलो म्हणून."

"खोटं बोललास तर सहा महिने आत जाशील. खरं सांग."

ड्वेनचं नाव पुकारलं गेलं. वीस मिनिटांनी तो हसतच बाहेर आला.

"काय झालं?"

"खरं सांगितलं. नाही म्हणतील, म्हणून विचारलंच नाही. जज हसले."

"मग सोडलं?"

"कुठलं! चार शनिवार-रविवार तुरुंगात. रविवारचे चार सामने गेले."

"म्हणजे चार रविवार तुला मैदानात कुणी धडक मारून आडवं पाडणार नाही?"

"नाही."

"मग चार रविवार मी दोन घास सुखाने खाईन रे, बाळा!"